समतेचे माप

चंद्राला क्षय का झाला याची कथा आपल्याकडे लहानपणीच कानावर पडते. दक्ष प्रजापतीने आपल्या सत्तावीस मुली चंद्राला दिल्या. चंद्र एकट्या रोहिणीच्या महाली रमू लागला. बाकीच्या सव्वीसजणी माहेरी जाऊन रडल्या, आणि सासऱ्याने जावयाला शाप दिला की, तुला यक्ष्मा जडो. पुढे उःशाप मिळाला. पंधरा दिवस झिजावे आणि पंधरा दिवस भरावे अशी तडजोड झाली. नक्षत्रांच्या या राजाला तो रोग प्रथम जडला, म्हणून आयुर्वेदाने त्याला राजयक्ष्मा म्हटले.

कथा गोड आहे, पण तिच्या पोटात माणसाची एक जुनी खोड लपलेली आहे. कोणाला रोग झाला की त्याचा अपराध कोणता, हे आपण आधी शोधू लागतो. देवादिकांनाही ज्यातून सूट मिळाली नाही, त्यातून भंडाऱ्याच्या एखाद्या विडी वळणाऱ्या बाईला कोठून मिळणार? तिला खोकला लागला की शेजारी म्हणतात, अंगावर दुखणे काढले. सासर म्हणते, माहेरूनच आणले. आणि गावातला शहाणा म्हणतो, मागल्या जन्मीचे काही असेल. रोगापेक्षा या शोधानेच माणूस अर्धा होतो.

२४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जगापुढे ठेवला, तेव्हा हा शोध संपायला हवा होता. गुन्हेगार सापडला होता आणि तो रोग्याच्या पूर्वसंचितात नव्हता, काचेखाली दिसत होता. पण नुसता गुन्हेगार ओळखून भागत नाही, तो आवरावा लागतो. आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन १८८६ साली परतल्या त्या क्षय घेऊनच, आणि पुढल्याच वर्षी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, पुण्यात वारल्या. तेव्हा कॉख यांच्या शोधाला पाच वर्षे झाली होती. जंतूचे नाव ठाऊक होते, त्याला मारणारी गोळी नव्हती.

ती गोळी कशी आली ती हकीकत मौजेची आहे. आयसोनियाझिड नावाचे द्रव्य १९१२ साली प्राग शहरात दोघा रसायनशास्त्रज्ञांनी तयार केले होते. ते क्षयावर चालते हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. चाळीस वर्षे ते जणू फळीवर पडून राहिले, आणि त्या चाळीस वर्षांत जगभर किती माणसे खोकून खोकून गेली याची गणती नाही. १९५१-५२ च्या सुमारास तीन निरनिराळ्या औषध कंपन्यांना एकाच वेळी त्याचा गुण कळला. न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात अंथरुणाला खिळलेले रोगी ती गोळी घेऊन उठून बसले, भरभरून जेवू लागले. ते व्हरांड्यात नाचू लागल्याची बातमी १९५२ साली वर्तमानपत्रांनी छापली.

पण औषध सर्वांत सारखे नाचले नाही. थोड्याच वर्षांत डॉक्टरांच्या ध्यानात आले की, तीच गोळी तितक्याच वजनाच्या दोन माणसांना दिली तर काही तासांनी एकाच्या रक्तात ती भरपूर असते आणि दुसऱ्याच्या रक्तात जवळजवळ नाहीशी झालेली असते. असे का व्हावे?

भंडारा जिल्ह्यातल्या वाचकाला हे समजावून सांगायला दूर जावे लागत नाही. आपल्याकडे पावलोपावली मालगुजारीच्या काळचे तलाव आहेत. पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो. पण एका तलावाचे तुडूम मोठे, त्यातून पाणी पाटाला लागून भराभर निघून जाते. दुसऱ्याचे तुडूम अरुंद, तिथे पाणी पाळीला टेकून दिवस दिवस उभे राहते. शरीरातही औषधाला वाट करून देणारे असे तुडूम असते, आणि ते असते यकृतात. अन्नाबरोबर, श्वासाबरोबर, औषधाबरोबर जे जे परके शरीरात शिरते, त्याला निरुपद्रवी करून बाहेर घालवण्याचे काम यकृतातली काही द्रव्ये करतात. शास्त्रज्ञ त्यांना विकरे म्हणतात, डॉक्टर मंडळी एन्झाइम म्हणतात. आयसोनियाझिडची विल्हेवाट लावणाऱ्या मुख्य विकराचे टोपणनाव आहे 'नॅट-२'. ज्याचे हे विकर जलद चालते त्याच्या रक्तातले औषध तासा-दीड तासात निम्मे होते. ज्याचे मंद, त्याला तेवढ्यासाठी तीन तास किंवा त्याहूनही अधिक लागतात.

हा फरक खाण्यापिण्याने किंवा हवापाण्याने येत नाही, जन्माबरोबर येतो. १९६० साली कुटुंबेच्या कुटुंबे तपासून हे सिद्ध झाले. विकराची कृती जनुकात लिहिलेली असते. एक प्रत आईकडून मिळते, एक बापाकडून. दोन्ही मंद आल्या तर माणूस मंद, दोन्ही जलद आल्या तर जलद, एक-एक आली तर मधला. म्हणजे मधल्या प्रकारच्या आईबापांच्या पोटी एक मुलगा मंद आणि त्याच्या पाठचा जलद निपजू शकतो. दिवाळीच्या फराळाला एकाच ताटावर बसलेल्या भावांत एकाला अनारसा पचतो आणि दुसऱ्याला बाधतो, हे आपण हसून सोडून देतो. इथे मात्र पचण्या-बाधण्यावर जीव अवलंबून असतो.

मंद म्हणजे वाईट आणि जलद म्हणजे चांगला असेही नाही. शाळेत आपण हुशार आणि मंद अशी जी वाटणी करतो तिच्याशी या शब्दांचा काही संबंध नाही. मंदाच्या रक्तात औषध रेंगाळते, म्हणून जंतूवर त्याचा मारा चांगला होतो. पण रेंगाळणारे औषध धन्यालाही सोडत नाही. ते शरीरातले ब-६ जीवनसत्त्व ओढून नेते, आणि मग पायांना मुंग्या येतात, तळवे बधिर होतात. कल्पना करा, रोवणीच्या दिवसांत बाई बांधीच्या चिखलात दिवसभर वाकून उभी आहे आणि पायात काटा रुतला तरी तिला कळत नाही. त्यावर पायरिडॉक्सिनची लहानशी गोळी रोज दिली की हा त्रास टळतो, हेही आता ठाऊक आहे. यकृताची गोष्ट याहून गंभीर. मंद माणसाच्या यकृताला क्षयाच्या औषधांपासून इजा होण्याचा धोका अधिक असतो. तैवानमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मंद प्रकारच्या रोग्यांपैकी शेकडा सव्वीसजणांच्या यकृताला बाधा झाली, इतरांत शेकडा अकरांच्या. उलट जलद माणसाचे यकृत बहुधा निर्धास्त राहते, पण औषध लांबलांबच्या अंतराने दिले तर त्याच्यातला जंतू मधल्या काळात पुन्हा डोके वर काढतो. ज्या गुणाने एक तरतो त्याच गुणाने दुसऱ्या वेळी बुडतो.

आता या कथेत देश आणि लोक येतात, आणि खरा नैतिक प्रश्नही इथूनच सुरू होतो. निरनिराळ्या देशांत हे मोजले गेले तेव्हा आढळले की, मंद प्रकारची माणसे जपानमध्ये शंभरात दहाच्या आसपास, चिनी लोकांत वीसच्या आसपास, युरोपात निम्मी किंवा थोडी अधिक, भारतात साठच्या आसपास, आणि मिसरात ऐंशीच्या घरात. इतर विकरांचेही असेच. चीन, जपान, कोरियातल्या पुष्कळ लोकांचा चेहरा मद्याचा घोट घेताच लालबुंद होतो, कारण मद्यापासून निपजणारे विष मोडणारे त्यांचे एक विकर दुबळे असते. 'जीएसटी-एम १' नावाच्या आणखी एका विषहारक विकराचे जनुकच चिनी लोकांपैकी सुमारे निम्म्यांत मुळी नसते. क्षयाच्या औषधांनी यकृत बिघडण्याशी त्याचा संबंध आहे काय, हे अनेक देशांत तपासले गेले. कोठे आहे असे उत्तर आले, कोठे नाही असे.

असले आकडे हाती आले की आपल्या मनात एक जुने यंत्र फिरू लागते. चिनी माणूस असा, हिंदी माणूस तसा, असे ते म्हणू लागते. आणि आपण तर शतकानुशतके माणसे जातीच्या कप्प्यांत घालण्यात मुरलेले! उद्या कोणी म्हणेल, अमक्या जातीचे यकृत कमकुवत, तमक्यांचे दणकट. मग लग्नाच्या याद्यांत पत्रिकेबरोबर विकरेही जुळवा. हा धोका काल्पनिक नाही. विदर्भाने तो सिकलसेलच्या बाबतीत अनुभवला आहे. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल लिहिले, तेव्हापासून हा रक्तदोष आपल्या भागात चांगला ठाऊक झाला. तो आईबापांकडून येतो आणि अनेक समाजांत आढळतो. पण लोकांनी त्याला अमक्यातमक्यांचा आजार म्हणून टाकले, आणि मुलीच्या लग्नाच्या धास्तीने घरे रक्ताचा कागद लपवू लागली.

म्हणून त्या आकड्यांकडे जरा थांबून पाहू. भारतात शंभरात साठ मंद, हे खरे. पण त्यावरून भारतीय माणसाला मंदाची मात्रा द्यावी असे ठरवले तर उरलेल्या चाळीसजणांवर अन्याय होईल. चिनी माणसाला जलदाची दिली तर वीसजणांचे यकृत धोक्यात येईल. देशाचा किंवा जातीचा आकडा समोर बसलेल्या माणसाबद्दल काहीच निश्चित सांगत नाही. मंद आणि जलद ही सीमा देशादेशांतून जात नाही की जातीजातींतून जात नाही. ती घराच्या उंबऱ्याच्या आत, दोन भावांच्या मधून जाते. ज्या शास्त्राने माणसामाणसांतला फरक दाखवला, त्याच शास्त्राने हेही दाखवले की तो फरक आडनावावरून वाचता येत नाही. एका एका माणसालाच तपासावे लागते. आपल्या आजीच्या पिढीने हे तीन शब्दांत बसवले होते: व्यक्ती तितक्या प्रकृती. ती जाती तितक्या प्रकृती म्हणाली नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

येथे समतेच्या कल्पनेलाच हात घालावा लागतो. आपण समता म्हणजे सारखे वाटप असे धरून चालतो. पंगतीत प्रत्येकाच्या पानात दोन लाडू, शाळेत प्रत्येकाला एकच पुस्तक, दवाखान्यात प्रत्येकाला एकच गोळी. त्यात मोठी शोभा आहे आणि मोठी सोयही आहे. ही सोय हिणवण्यासारखी नाही. मद्रासला १९५६ साली क्षयाच्या औषधोपचाराचे संशोधनकेंद्र निघाले. तिथे शहरातल्या गरीब वस्त्यांतले रोगी घेऊन एक प्रयोग झाला. काहींना सॅनिटोरियममध्ये ठेवून खाणेपिणे, विश्रांती, हवा सगळे दिले. काहींना नुसत्या गोळ्या देऊन त्यांच्या खुराड्यासारख्या घरी पाठवले. १९५९ साली निकाल आला तेव्हा दोघांतला फरक अगदी थोडा निघाला. घरातल्या माणसांना लागण होण्याचे प्रमाणही घरी ठेवल्याने वाढले नाही. महाबळेश्वर-पाचगणीची हवा ज्यांना कधी परवडली नसती अशा लाखो माणसांसाठी त्या निकालाने दार उघडले. सर्वांना एकच सोपी पद्धत नसती तर ते दार उघडलेच नसते. गावोगावच्या उपकेंद्रातल्या परिचारिकेला लक्षात ठेवता येईल असा नियम हाही दयेचाच एक प्रकार आहे.

पण त्याच मद्रासच्या केंद्राने सारख्या मापाची मर्यादाही दाखवून दिली. आठवड्यातून एकदाच औषध देऊन पाहिले तेव्हा जलद प्रकारचे रोगी मागे पडले. आठवड्यातून एकदा पाऊस पडावा आणि तुडूम मोठे असावे, मग तलाव कोरडा पडणार नाही तर काय! अंतर कमी केले की फरक मिटत जातो. रोज पाणी येत असले तर मोठ्या तुडुमाच्या तलावातही ओल टिकते. आपल्या देशात सरकारी उपचारात बरीच वर्षे दिवसाआड, म्हणजे आठवड्यातून तीनदा, औषध दिले जाई. २०१७ पासून ते रोज दिले जाते. जलद माणसाचा प्रश्न त्याने पुष्कळसा सुटला. मंद माणसाचा उरलाच.

आणि आजही सरकारी दवाखान्यात सारखे माप अगदीच सारखे नाही, ही बरी गोष्ट आहे. प्रौढ रोग्याला तिथे आधी काट्यावर उभे करतात. पस्तीस ते एकोणपन्नास किलो भरला तर रोज चार औषधांची जोडगोळी तीन, पन्नास ते चौसष्ट भरला तर चार. म्हणजे शरीराशरीरांत फरक असतो आणि तो पाहून माप ठरवावे, हे आपण तत्त्वतः मान्य केलेलेच आहे. प्रश्न एवढाच उरतो की, काट्याला जे दिसते तेवढाच फरक मानायचा, की काट्याला न दिसणाराही मानायचा?

जपानमध्ये हे करून पाहिले गेले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जनुके तपासून मंदांना आयसोनियाझिडची मात्रा निम्मी आणि जलदांना दीडपट दिली. ठरावीक मात्रा मिळालेल्या मंद रोग्यांपैकी शेकडा अठ्ठ्याहत्तरांच्या यकृताला इजा झाली. निम्मी मात्रा मिळालेल्यांपैकी एकाच्याही नाही. आणि जलदांपैकी ज्यांना दीडपट मिळाली त्यांच्यात सुरुवातीच्या महिन्यांत उपचार फसण्याचे प्रमाण ठरावीक मात्रावाल्यांच्या निम्म्याहून कमी राहिले. ज्यांना कमी दिले त्यांचेही भले झाले आणि ज्यांना जास्त दिले त्यांचेही. असमान वाटपाने दोघांना सारखे फळ मिळाले.

चंद्राची कथा या प्रकाशात पुन्हा वाचली की तिच्यातला दुसरा एक प्रश्न जागा होतो. चंद्राने रोहिणीचाच पक्ष धरला, ही त्याची चूक उघड आहे. पण त्याने घटकापात्र समोर ठेवून सत्तावीस जणींना नेमका सारखा वेळ दिला असता, तर त्याला न्याय म्हणता आले असते काय? ज्या आईला एक आजारी आणि एक धडधाकट मूल आहे, ती दोघांच्या उशाशी रात्रीचे सारखे तास बसत नाही. तरी तिला कोणी पक्षपाती म्हणत नाही. दोघांच्या जिवाची काळजी तिला सारखीच आहे हे आपण ओळखतो. समता असते ती त्या काळजीत. वाटप त्या काळजीच्या मागून चालते, आणि माणूस पाहून बदलते. पक्षपात आणि विवेक बाहेरून सारखे दिसतात, कारण दोघेही कमीजास्त देतात. पक्षपात आपल्या आवडीकडे पाहून देतो आणि विवेक समोरच्याच्या गरजेकडे पाहून, एवढाच दोघांत भेद.

कोणी म्हणेल, हे सगळे ठीक. पण जनुक म्हणजे तुमचे ते जुने प्रारब्धच नव्हे काय? आधी म्हणत होतात, कर्मात होते. आता म्हणता, जनुकात होते. बिचाऱ्या रोग्याला फरक काय पडला? फरक पुष्कळ पडतो. प्रारब्धात अपराध गृहीत असतो, जनुकात नसतो. मंद विकर घेऊन जन्मलेल्याने मागल्या जन्मी कोणाचे काही चोरलेले नसते. आणि प्रारब्ध भोगूनच संपवावे लागते, जनुकाचे तसे नाही. अर्धी मात्रा किंवा जीवनसत्त्वाची एक पिवळट गोळी एवढ्यानेही त्याचा जाच सरतो. ज्यावर इलाज आहे त्याला दैव म्हणू नये.

त्याबरोबर हेही म्हटले पाहिजे की, सगळे जनुकाच्या माथी मारून हात झटकणेही बरे नव्हे. माणसामाणसांतला सर्वांत मोठा फरक अजूनही ताटात आहे. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात क्षयरोग्यांच्या घरातल्यांना नीट शिधा दिला, तेव्हा त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास घटले. सरकार रोग्याला पोषणासाठी २०१८ पासून महिना पाचशे रुपये देत होते, नोव्हेंबर २०२४ पासून हजार देते, ते याच कारणाने. आणि मोहाची दारू पिऊन वर क्षयाच्या गोळ्या घेणारा आपल्या यकृतावर दुहेरी ओझे टाकतो, ही त्याची स्वतःची जबाबदारी आहे. तिथे विकराची सबब चालणार नाही. जन्माने आलेले, गरिबीने लादलेले आणि आपल्या हाताने केलेले, अशा तीन गोष्टी एकाच रोग्याच्या अंगात एकत्र नांदत असतात. त्यांचा निवाडा करणे कठीण आहे, म्हणूनच घाईने करू नये.

आणि घाईने आपण तो रोज करतो. समजा, साकोलीकडच्या एखाद्या घरात दोघे भाऊ क्षयाने आजारी पडले. दोघांचे वजन सारखे, गोळ्या सारख्या. थोरल्याला काही झाले नाही. सहा महिन्यांत तो बरा होऊन धानाच्या पोत्यांना खांदा देऊ लागला. धाकट्याला दुसऱ्याच आठवड्यात अन्नावरची वासना उडाली, मळमळू लागले, लघवी गडद होऊ लागली. त्याने कोणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. घर म्हणाले, थोरला बघ कसा नेटाने घेतो, हा पहिल्यापासून असाच कच्चा. दवाखान्याच्या वहीत त्याच्या नावापुढे 'औषध सोडले' असा शेरा पडला. नेटाचा आणि कच्चेपणाचा हा निवाडा झाला, आणि यकृताचे म्हणणे कोणी ऐकूनच घेतले नाही. थोरल्याच्या नेटाला त्याच्या जलद विकराने किती हात दिला, हे थोरल्यालाही ठाऊक नाही. त्याचे श्रेय काढून घ्यावे असे नाही; पण त्या श्रेयाच्या काठीने भावाला झोडपू नये, एवढे तरी खरे.

आपल्या यशातला किती भाग आपला आणि किती आपल्याला नुसता मिळालेला, हा प्रश्न क्षयापुरता नाही. शाळेत पहिला येणाऱ्या मुलाला, व्यापारात वर आलेल्या माणसाला, म्हातारपणीही ताठ चालणाऱ्या आजोबांनाही तो विचारता येईल. फक्त क्षयाच्या बाबतीत तो रक्ताच्या थेंबात मोजून दाखवता येतो, म्हणून तेथे तो टाळता येत नाही.

सर्व रोग्यांची जनुके तपासण्याची सोय आपल्या सरकारी दवाखान्यांत अजून सरसहा नाही. ती अशक्य आहे असे मात्र समजू नये. ज्या सिकलसेलचा उल्लेख वर केला, त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली आणि तिने सात कोटी माणसांचे रक्त एकेक करून तपासण्याचा संकल्प सोडला. म्हणजे दुर्गम पाड्यावरच्या माणसालाही त्याची त्याची चिठ्ठी हाती देता येते, हे आपण मान्य केले आहे. जे रक्ताच्या एका दोषाला लागू, ते उद्या यकृताच्या विकरालाही लागू होईल. त्या चिठ्ठीवर जात लिहिलेली नसावी आणि ती लग्नाच्या बैठकीत मागितली जाऊ नये, एवढी खबरदारी मात्र शास्त्र घेऊ शकत नाही. ती आपल्याला घ्यावी लागेल.

तोवर काय? तोवर एक साधन आहे, त्याला यंत्र लागत नाही. गोळ्या सोडलेल्या माणसाला आपण विचारतो, "का सोडल्यास?" या प्रश्नात उत्तर आधीच दडलेले असते, आणि अपराध्यासारखा तो मान खाली घालतो. त्याऐवजी पहिल्या दिवसापासूनच विचारावे, "गोळी घेतल्यावर तुला काय होते?" मग तो सांगेल की मळमळते, भूक मेली, डोळे पिवळे दिसतात, पायांना मुंग्या येतात. ते ऐकले की त्याला गोळ्या आपल्या मनाने बंद करू न देता त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे. औषध थांबवायचे, बदलायचे की जोडीला दुसरे द्यायचे हे ठरवणे डॉक्टरचे काम. हा प्रश्न घरातल्या आईला विचारता येतो, आशाताईला विचारता येतो, शेजाऱ्यालाही विचारता येतो. तो सर्वांना सारखाच विचारावा. उत्तर प्रत्येकाचे वेगळे येईल, आणि औषध त्या उत्तराप्रमाणे द्यावे.